चौथी बाटली

पाणी घाण निघालं तर दादांचा फायदाच फायदा होता. एक तर दुरुस्तीचा खर्च विमा कंपनीच्या अंगावर पडला असता. रस्त्यावरचं गटार तुंबून घरात शिरलं तर कंपनी पैसे देते. घरच्याच माणसाने हौसेने बसवलेला नळ सुटून घर बुडालं तर कंपनी दुःख व्यक्त करते. दुसरं म्हणजे, तो हौशी माणूस खुद्द दादाच होते, ही गोष्ट जमिनीच्या लाकडी फळ्यांखाली कायमची गाडली गेली असती. आणि तिसरा फायदा दादा मनातल्या मनातही दबक्या आवाजात बोलत: तळमजल्यावरची पुढची खोली रिकामी झाली असती. त्या खोलीवर त्यांचा कित्येक वर्षांपासून डोळा होता. भिंतीलगत लांबलचक ओटा, त्यावर उतरत्या मापाने टांगलेले पाने, हातोड्या, कानशी. आणि दुपारी नेमका डोळा लागताना खालून उठणारा पोरांचा कलकलाट बंद.

घर दोन मजली. खाली दादांच्या धाकट्या भावाची बायको राहायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. भाऊ जहाजावर नोकरीला. वर्षातून एकदा यायचा, पाहुण्यासारखा दोन वेळा जास्त जेवायचा आणि परत जायचा. धाकटी पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. तिथल्या पोरांचे आईबाप कामावरून सुटेपर्यंत ती त्यांना भरवायची, निजवायची, त्यांची भांडणं सोडवायची, आणि हे सगळं आवाज न चढवता करायची. आवाज चढवायचं काम पोरं करत. वरच्या मजल्यावर दादा, वहिनी आणि दादांचे वडील अण्णा. शिवाय सध्या दादांची लेक आपलं तान्हं बाळ घेऊन माहेरी आली होती, म्हणजे वरही कलकलाट होताच. पण तो नातवाचा असल्यामुळे दादांना तो गोड लागायचा.

पाणी शिरलं ते सुट्टीच्या दिवशी. धाकटी मैत्रिणीकडे गेली होती. परत येऊन दार उघडते तो खोलीत घोट्याच्या वर पाणी, त्यावर लाकडी ठोकळे तरंगतायत आणि एक कापडी हत्ती पालथा पडून पोहतोय. तिची हाक ऐकून दादा जिन्यावरून धावत आले आणि खोलीत डोकावण्याआधी मागच्या बाजूला जाऊन घराच्या पाण्याची मुख्य चावी बंद करून आले. रस्त्याच्या गटाराचं पाणी घरातली चावी बंद केल्याने कसं थांबेल, हा प्रश्न त्या गडबडीत कुणाला सुचला नाही. पाणी थांबलं खरं. पण त्याच सुमारास पालिकेची गाडी येऊन कोपऱ्यावरचं तुंबलेलं गटार उपसत होती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं याबद्दल दादांनी लगेच मत दिलं.

"गटारच," ते म्हणाले. "वास बघ ना."

वास येत होता, खोटं कशाला बोला. पण तो रस्त्यावरून येत होता की खोलीतून, हे नाकाला कळत नव्हतं. पाण्याचा रंगही तांबूस होता. दादांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बादली घेतली आणि सगळ्यांच्या आधी पाणी उपसायला लागले. त्यांची ही तत्परता बघून धाकटीला भरून आलं. तिला दिसलं नाही ते एवढंच, की खोलीच्या कोपऱ्यात एक सुटी फळी उचलून दादांनी हात आत घातला आणि खिशातल्या पान्याने काहीतरी दोन आटे आवळलं.

ते काहीतरी म्हणजे एक जोड होता. मागच्या थंडीत धाकटी म्हणाली होती, पोरांना हात धुवायला उंचावरच्या बेसिनपाशी रोज एकेकाला उचलून धरावं लागतं, कंबर मोडते. त्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीचं एक बेसिन बसवून घ्यावं म्हणते, प्लंबर बघते. "मी घरात असताना प्लंबर?" दादा कडाडले होते. हौस दांडगी. दोन दिवस खपून त्यांनी खरंच गोजिरवाणं बेसिन बसवून दिलं. पोरं तर नळ सोडून बाजूला व्हायला तयार नसत. फक्त फळ्यांखाली शेवटचा जोड करताना आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी संपली. दुकान बंद. हाताशी जे मिळालं ते गुंडाळून दादांनी जोड आवळला, वर फळी ठोकली आणि हात झटकले. काय गुंडाळलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारलंही कुणी नव्हतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने एक बाई पाठवल्या. पाणी तपासणं, ओल मोजणं, काय ठेवायचं नि काय फेकायचं ते ठरवणं हा त्यांचा धंदा. घराने त्यांचं नाव लगेच पाणीवाल्या बाई करून टाकलं. बाई आडव्या बांध्याच्या, सर्दीने बेजार आणि बोलायला फटकळ. खोलीत शिरताच त्यांनी दोन टोकदार पिनांचं एक यंत्र भिंतीला टोचलं, वर सरकवत नेलं, पुन्हा खाली आणलं.

"भिंत कमरेपर्यंत प्यायलीय," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या. "आता कुठलं पाणी प्यायलीय ते बघायचं. नळाचं असेल तर पंखे लावा, फळ्या उचलून वाळवा, खालचा फुगलेला गिलावा खरवडून नवा करा, पोरांना बोलवा. गटाराचं असेल तर जे जे भिजलंय ते सगळं बाहेर. गाद्या, फळ्या, कपाटं, कमरेपर्यंतचा गिलावा."

"आणि पाळणाघर?" धाकटीने विचारलं.

"ते बंद. भिंत उघडी करून आतून वाळवायची, औषध मारायचं, पुन्हा तपासायचं. लहान मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. तिथे मी सही करत नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही, बाई. महिने म्हणा."

धाकटीने कापडी हत्ती पिळायला घेतला होता, तो ती पिळतच राहिली. महिने म्हणजे काय ते तिला चांगलं कळत होतं. पोरांचे आईबाप तिच्यावर जीव टाकायचे, पण त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. आठवडाभर ते आजी-मावशांना साकडं घालतील. त्यानंतर दुसरं पाळणाघर शोधतील, आणि एकदा पोर दुसऱ्या दाराशी रडायचं थांबलं की ते परत येत नसतं. आठ वर्षांचं बसवलेलं काम एका पाण्याने वाहून जाणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

"घाणच असणार हो," दादा हळहळत म्हणाले. हळहळ त्यांना छान जमायची. "मी तर काल हातानेच उपसलंय."

"असणार आणि आहे यात माझं पोट भरतं," बाई म्हणाल्या. त्यांची नजर बुटक्या बेसिनवर गेली. "हे कुणी बसवलं?"

"दादांनीच!" धाकटी कौतुकाने म्हणाली.

"छान आहे. जोड कुठे घेतलात?"

"वर," दादा म्हणाले. "भिंतीत. वरच्या बाजूला. अगदी कोरडा आहे."

"फळ्यांखाली काही नाही ना? कारण खाली सैल जोड असला आणि तो घाण पाण्यात बुडाला, की चावी बंद-चालू करताना नळ तेच पाणी आत ओढून घेतो. मग वरच्या मजल्यावरसुद्धा तेच प्यायचं."

"छे छे," दादा म्हणाले. "फळ्यांखाली कसला जोड?"

बाईंनी एक खोका काढला. आत चार बाटल्या, झाकणं घट्ट बसवलेल्या. नळाचं पाणी रात्रभर साठून पहाटे पहिल्यांदा जे येतं तेच घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि सकाळी त्यांना दुसरीकडे जायचं होतं. तेव्हा बाटल्या घरच्यांनीच भरायच्या. "दोघांनी मिळून भरा," दादा आणि धाकटी यांच्याकडे आळीपाळीने बघत त्या म्हणाल्या. कोणाचा कशात जीव अडकलाय ते अशा बायकांना भिंत न टोचताही कळतं. "एक फळ्यांखालच्या पाण्याची, एक खालच्या नळाची, एक वरच्या स्वयंपाकघरातल्या नळाची."

"आणि चौथी?"

बाईंनी पिशवीतून एक मोहोरबंद पाण्याची बाटली काढली. "हे माझं पाणी. प्रयोगशाळेतलं, शुद्ध. हे चौथीत ओतायचं."

"शुद्धच आहे तर तपासायचं कशाला?" दादांना हसू आवरेना. "विमा कंपनीला पैसे जास्त झालेत वाटतं."

"माझी पद्धत आहे," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "झाकण काढायचं, भरायचं, लावायचं. मध्ये काही करायचं नाही. आतल्या भुकटीला हात लावायचा नाही, ती असू दे, नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशकाचा असर मारायला असते."

हे ऐकायला खाली दादा होते, धाकटी होती आणि हत्ती होता. वर अण्णा होते, त्यांनी ऐकलं नाही. आणि खोका संध्याकाळी दादांनी वर नेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला.

अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णांनी सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. निवृत्त झाले तरी धुणं सुटलं नाही. बाहेरून घरात आलेली वस्तू त्यांच्या हातून धुतल्याशिवाय पुढे जात नसे. फळं, भाज्या तर सोडाच. सुटी नाणी धुवून खिडकीत वाळत टाकायचे, साबणाची नवी वडी वेष्टनासकट धुवायचे. एकदा दुरुस्तीला आलेल्या विजेच्या कारागिराचा पेचकस धुवून त्याच्या हातात दिला होता, तो बिचारा कोरडा होईपर्यंत चहा पीत बसला. सुनेने आणि नातीने या गोष्टीशी कधीच तडजोड करून टाकली होती. धुवायला मात्र ते एकच घासणी वापरत. ती सिंकच्या कोपऱ्यात पडलेली असायची, तिचा मूळ रंग कोणता हे आता कुणाला आठवत नव्हतं, आणि ती फेकायचं नाव काढलं की अण्णा म्हणायचे, "अजून चांगली आहे."

सकाळी दादांनी आणि धाकटीने बाटल्या भरल्या. धाकटीच्या मनात देवाकडे एकच मागणं, पाणी स्वच्छ निघू दे. दादांचं मागणं जरा अवघड होतं: खालचं घाण निघू दे, वरचं स्वच्छ. नशिबाला असं मजल्यामजल्याने काम सांगता येत नाही, पण माणूस सांगून बघतो. बाटल्या भरताना धाकटी म्हणाली, "यात भुकटी कुठाय?" दादा म्हणाले, "बारीक असेल, दिसत नसेल." दुपारी बाईंचा माणूस येऊन खोका घेऊन गेला.

निकाल यायच्या दिवशी दादा खाली पुढच्या खोलीत होते. हातात मोजपट्टी. "गिलावा किती लागेल ते बघतोय," त्यांनी धाकटीला सांगितलं. गिलाव्यासाठी खिडकीपासून दारापर्यंतची लांबी आणि ओट्याची उंची का मोजायची, हे धाकटीने विचारलं नाही. ती ओले ठोकळे टोपलीत भरत होती, एकेक पुसून, जणू उद्याच लागणार असल्यासारखी.

फोन वाजला. पलीकडे प्रयोगशाळेतला कारकून, वाचायला बसल्यासारखा एका सुरात बोलणारा.

"नमुना क्रमांक एक. तळमजला, फळ्यांखालचं पाणी. दूषित. मैल्याचे जंतू."

दादांनी चेहरा पाडला आणि धाकटीकडे बघून मान हलवली. आत कुठेतरी त्यांनी ओट्याला पहिला खिळा ठोकला.

"नमुना दोन. तळमजल्याचा नळ. दूषित."

धाकटी टोपलीपाशी खाली बसली. ती रडली नाही. तिने फक्त हातातला ठोकळा पुन्हा पुसला, जो पुसून झालेला होता. दादांना तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं नाही. फायदा कागदावर असतो तोवर त्याला चेहरा नसतो.

"नमुना तीन. वरचा मजला, स्वयंपाकघराचा नळ. दूषित. मैल्याचे—"

दादांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी फोन तसाच खिशात कोंबला आणि मोजपट्टी टाकून जिन्याकडे धावले. खिशातून कारकून अजून बोलत होता. "हॅलो? अहो, चौथा नमुना... हॅलो?" तो आवाज जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आदळत वर गेला आणि कुणाच्याच कानात शिरला नाही.

"पाणी पिऊ नका!" दादा दारातूनच ओरडले. "कुणी पाणी पिऊ नका!"

वहिनी विणत बसल्या होत्या. नातवाची लाल टोपी, शेंड्यापाशी येऊन अडलेली. लोकरीचा शेवटचा गुंडा कुठेतरी गायब झाला होता आणि तो सापडत नाही म्हणून त्या गेले कित्येक दिवस घरादाराला बोल लावत होत्या. "काय झालं ओरडायला?"

"बाळाला कुठलं पाणी देता?"

"नळाचं," लेक म्हणाली. "आणखी कुठलं?"

"उकळून?"

"कधी उकळून. कधी नुसतं कोमट करून." बापाचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "का? बाबा, का? सकाळी तो ओकलाय."

एवढा मोठा माणूस, आयुष्यभर सगळ्यांचे नळ दुरुस्त करत फिरलेला, पण त्या क्षणी त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळेना.

मागोमाग धाकटी वर आली होती. तिचं पाळणाघर दोन मिनिटांपूर्वी बुडालं होतं, पण बाळ ओकलं हे शब्द कानावर पडले आणि ती सरळ पाळण्यापाशी गेली. तिने बाळाला उचललं, कपाळाला गाल लावला, जिभेचा ओलावा पाहिला, पोटावर बोट दाबलं, लंगोट चाचपला. बाळाने तिचं नाक धरलं.

"ताप नाही. पोट मऊ आहे. लंगोट भिजलेला आहे," ती म्हणाली. "सकाळी किती पाजलं होतंस?"

"नेहमीचं. मग अण्णांनी आणखी थोडं... तो रडत होता म्हणून."

"पोट भरून वाहिलं, दुसरं काही नाही. तरी डॉक्टरांना दाखवून आण, जा. जीवाला घोर नको." लेकीने बाळ घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे निघाली. मग धाकटी वळली. दादांनी तिला कधी अशा नजरेने बघताना पाहिलं नव्हतं. पाळणाघरात एखाद्या पोराने दुसऱ्याला चावून वर हात मागे लपवले की तिची नजर अशी व्हायची.

"दादा, वरच्या नळात घाण आली कशी? बाई काय म्हणाल्या होत्या? फळ्यांखाली जोड असला तरच."

"हो."

"तुम्ही म्हणालात, जोड वर भिंतीत आहे."

दादांनी वहिनींकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खोटं बोलून पाहिजे तेवढं पाणी अडवता आलं असतं, पण ते पाणी आता त्यांच्याच नातवाच्या बाटलीपर्यंत पोचलं होतं. बंद करायचं तर कुठून येतंय ते सांगायलाच हवं.

"जोड खालीच आहे," ते म्हणाले. "बेसिनच्या कोपऱ्यात, तिसऱ्या फळीखाली. पट्टी संपली होती तेव्हा मी... तसाच आवळला. त्या दिवशी पाणी तिथूनच आलं असणार. मीच चावी बंद केली, मीच नंतर आवळला, आणि मीच म्हणालो गटार."

अण्णा सिंकपाशी होते, त्यांनी नळ बंद केला. एवढा वेळ तो चालू होता हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"का?" धाकटीने विचारलं.

"विमा..." दादा म्हणाले आणि थांबले. पुढच्या खोलीविषयी बोलायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढं त्यांनी गिळलं. माणसाने सगळंच एका दिवसात कबूल करू नये. घरच्यांना पचत नाही.

"पाना घ्या," धाकटी म्हणाली. "आधी तो जोड बंद करू. बाकीचं मग."

दोघं खाली आले. दादांनी चावी बंद केली, फळी उचकटली, गुडघ्यांवर बसून जोड उलगडायला लागले. तेवढ्यात दारात एक दणदणीत शिंक आली आणि मागोमाग पाणीवाल्या बाई.

"फोन मध्येच टाकून कुठे पळालात?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमचा माणूस हॅलो हॅलो करून घसा बसवून घेतोय. मला दुसरं काम सोडून यावं लागलं. चौथा निकाल ऐकला का?"

"आता चौथ्याचं काय घेऊन बसलात, बाई," दादा म्हणाले. "माझा नातू ते पाणी पितोय."

"चौथासुद्धा दूषित आहे."

दादांनी पाना खाली ठेवून वर पाहिलं.

"ते माझं पाणी होतं," बाई एकेक शब्द मोजत म्हणाल्या. "मोहोरबंद. शुद्ध. त्यात मैल्याचे जंतू निघाले, याचा अर्थ जंतू पाण्यात नव्हते. बाटलीत होते. चारही बाटल्यांत. म्हणूनच ती चौथी असते. आता सांगा, माझ्या बाटल्यांना कुणी काय केलं?"

दादा आणि धाकटी यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच मान वर करून छताकडे पाहिलं.

"अण्णा!"

अण्णा कठड्याला धरून सावकाश खाली आले. अंगावर ओला टॉवेल. "मी धुतल्या," ते अभिमानाने म्हणाले. "का, कुणी सांगितलं नाही तुम्हाला? बाहेरून आलेल्या वस्तू. आणि काय हो बाई, एवढी मोठी प्रयोगशाळा तुमची, बाटल्यांच्या तळाशी पांढरी भुकटी तशीच! लाज वाटली मला. घासून घासून काढली."

"कशाने घासलीत?"

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलखालून घासणी काढून दाखवली. ती त्यांच्या बरोबरच आली होती. पाणीवाल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, जरा मागे सरकल्या, आणि त्यांची सर्दी बरी झाल्यासारखा त्यांचा श्वास क्षणभर मोकळा झाला. मग त्या हसायला लागल्या. आधी धाकटी हसली की त्या हसल्या हे सांगणं कठीण. पण दादा फळीच्या भोकाशी बसल्या बसल्या डोळे पुसत हसले, एवढं नक्की. त्यातले किती अश्रू हसण्याचे होते ते त्यांनी कुणाला मोजू दिलं नाही.

"अजून चांगली आहे," अण्णा म्हणाले.

बाईंनी गाडीतून नवा खोका आणला. या वेळी पहाटेचा हट्ट सोडून, चावी घटकाभर उघडून त्यांनी स्वतः भरलं, अण्णांना खुर्चीवर बसवून, हातात चहाचा कप देऊन, कारण हात मोकळे ठेवणं धोक्याचं होतं. तेवढ्यात लेक परत आली. डॉक्टर म्हणाले होते, बाळ ठणठणीत आहे, पणजोबांना जरा आवरा. निकाल येईपर्यंत बेसिनच्या नळीला बूच मारायचं आणि घराने पाणी उकळूनच प्यायचं ठरलं. मग बाईंनी उघड्या फळीत डोकावून जोडाकडे पाहिलं, बोटाने खालची ओली माती तपासली, भिंतीला पुन्हा पिना टोचल्या.

"गटार कधी आलंच नाही इथे," त्या म्हणाल्या. "रंग खालच्या मातीचा आहे. पाणी इथूनच आलंय. पण हे काय गुंडाळलंय?"

दादांनी जोड उलगडला होता. आट्यांवरून भिजून गळालेलं, लालभडक काहीतरी लोंबत होतं. वहिनी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी पुढे वाकून पाहिलं.

"माझी लोकर!" त्या म्हणाल्या.

हा क्षण दादांना आधीच्या सगळ्या क्षणांपेक्षा जड गेला.

दुसऱ्यांदा निकाल आला तेव्हा दादांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि शेवटचा शब्द संपेपर्यंत कानापासून हलवला नाही. फळ्यांखाली मातीतले जंतू, ते तिथे असणारच, मैल्याचे नाहीत. खालचा नळ स्वच्छ. वरचा नळ स्वच्छ. चौथी बाटली स्वच्छ. "पुन्हा वाचा," दादा म्हणाले. कारकुनाने पुन्हा वाचलं. "वरचा नळ पुन्हा एकदा," दादा म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला आणि जाऊन नळाचं पाणी भांडंभर घेतलं, उभ्या उभ्या, गटागटा. नळाचं पाणी इतकं चवदार असतं हे त्यांना त्या वयात कळलं.

पाणीवाल्या बाईंनी सही केली. आधी खरा प्लंबर आला, पांढऱ्या पट्टीसकट, आणि त्याने दादांना बाजूला बसायला सांगितलं. ते बसले, हे वहिनींनी पुढे अनेकांना सांगितलं. पंखे लावले, फळ्या गच्चीवर उन्हात टाकल्या, गवंड्याने खालचा गिलावा नवा केला. पाळणाघर थोड्याच दिवसांनी उघडलं. सगळी पोरं परत आली. एकही दुसऱ्या दाराशी रडायला गेलं नाही.

आता कुणी काय भरलं ते सांगायचं. विमा कंपनीने काही भरलं नाही. तिने दुःख व्यक्त केलं. गवंडी, प्लंबर आणि गिलावा दादांनी भरला, कुरकुर न करता, आणि त्यांना तो स्वस्त वाटला. पुढच्या खोलीतला ओटा त्यांनी मनातूनच मोडला. त्याच्या मापाची एक बुटकी फळी मात्र त्यांनी खिडकीखाली ठोकून दिली, पोरांना ठोकळे मांडायला. ठोकण्यापुरतीच, नळाला हात न लावता. दुपारी झोपेच्या वेळी त्यांना त्या फळीवर ठोकळे आपटताना स्पष्ट ऐकू येतात. धाकटीने गादीचं एक टोक आणि कापडी हत्तीची एक सोंड भरली. सोंड वाळताना आखडली, ती आता सरळ होत नाही. अण्णांनी घासणी भरली. त्यांच्या देखत ती कचऱ्यात गेली, आणि नवी घासणी घरात आली तेव्हा त्यांनी ती धुवून घेतली.

आणि बाळाने टोपीचा शेंडा भरला. लाल लोकर उरलेली नसल्यामुळे तो पिवळा आहे.